गावठीला नाक मुरडू नका!

मंडळी, स्पष्टच लिहितो, राग मानू नका. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी व्हिलात राहणाऱ्या बऱ्याच कुटुंबांना कोंबड्या पाळायची हौस लागली आहे. हौसेला माझा विरोध नाही. मी कुडाळजवळच्या खेड्यात वाढलो. तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात कोंडायचं काम माझ्याकडे असे, आणि एक जरी कमी भरली तरी आजी जेवायला वाढायच्या आधी कंदील हातात देऊन शोधायला पिटाळत असे. तेव्हा भांडण कोंबड्यांशी नाही, आपण त्या ज्या रीतीने निवडतो तिच्याशी आहे. आपण कोंबडी रूपावर भाळून आणतो आणि ऑगस्टात ती मरते. मग "बहारीनमध्ये कोंबड्या जगतच नाहीत हो" असं सांगत फिरतो.

ही चूक आधी मीच केली आहे, म्हणून बोलायचा अधिकार घेतो. आमच्या मुलीने तिच्या कॅनडातल्या मावशीच्या अंगणातल्या गुबगुबीत कोंबड्या पाहिल्या. पायांवरसुद्धा पिसं, जणू पायमोजेच घातलेत! हट्ट धरला. मीही मार्चच्या छान हवेत दोन ब्रह्मा कोंबड्या घेऊन आलो. जुलैत शाळेला सुट्टी लागल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे भारतात गेलो. कोंबड्या इमारतीच्या राखणदाराच्या हवाली केल्या. बिचारा सकाळ-संध्याकाळ दाणापाणी करत होता. तरीही आम्ही परतलो तेव्हा पिंजरा रिकामा होता. मुलीने विचारलं, "बाबा, ती आजारी होती का?" ती आजारी नव्हती. बर्फासाठी घडवलेला पक्षी मी पत्र्याखाली ठेवून गेलो होतो. दोष राखणदाराचा नव्हता, माझा होता.

थोडं शास्त्र बघू. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या पुढे असतं. तिला घाम येत नाही. हवा तिशीच्या पुढे गेली की ती पंख अंगापासून दूर धरते, चोच उघडी ठेवून धापा टाकते. या धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताचं रसायन बिघडतं आणि अंड्याचं कवच पातळ होतं. आपल्याकडे ऑगस्टात दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि समुद्राच्या दमटपणामुळे रात्रीही उसंत मिळत नाही. जूनमध्ये कोरडा शमाल वाहत असतो तेव्हा ओल्या गोणपाटाचा उपयोग होतो. ऑगस्टातल्या दमट हवेत गोणपाट सुकतच नाही, मग गारवा येणार कुठून?

आता हे ध्यानात घ्या, की डोक्यावरचा तुरा आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या म्हणजे कोंबडीचा रेडिएटरच. त्यातून रक्त गार होतं. थंड मुलखात हेच अवयव गोठतात. म्हणून कॅनडात क्वेबेकमधल्या ओका इथल्या मठात एका धर्मबंधूने १९०८ पासून खपून शँतक्लेर नावाची जात तयार केली. इवलासा तुरा, पाळ्या जवळपास नाहीतच, पिसं मात्र दाट. त्यांनी आपली हवा ओळखून आपली कोंबडी घडवली. शहाणी माणसं! आपण मात्र त्यांची अक्कल न घेता त्यांची कोंबडी घेतो. ब्रह्मा, कोचीन, ऑर्पिंग्टन हे सगळे भारी अंगाचे, दाट पिसांचे पक्षी. आणि कोचीन या नावावर जाऊ नका, तिचं मूळ चीनमध्ये आहे, केरळात नव्हे!

उष्ण मुलखाची कोंबडी नेमकी उलटी हवी. अंगाने हलकी, पिसांनी विरळ, तुऱ्याने मोठी. इजिप्तची फयूमी तशी आहे. मूळ इटलीची पांढरी लेगहॉर्न अंगाने हलकी, तुरा भलामोठा. उघड्या मानेची कोंबडी दिसायला अगदीच गबाळी, पण त्या एका जनुकामुळे पिसं वीस ते चाळीस टक्क्यांनी कमी होतात. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच उघड्या मानेच्या कोंबडीपासून परसात पाळायची संकरित जात काढली आणि तिला नाव दिलं 'हितकारी'. आणि इथे बाजारात 'बलदी' म्हणून मिळते ती? बलदी म्हणजे आपल्या शब्दांत गावठी. बुदैया, बुरी, करझकानकडे खजुराच्या बागांजवळून पहाटे जाऊन बघा, आरवणं ऐकू येईल. ही कोंबडी इथे जगते, पिलं काढते. मग 'जगतच नाहीत' हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

पण आपल्याला 'गावठी' म्हटलं की कमीपणा वाटतो. एखाद्याला हिणवायचं असलं की आपण गावठी म्हणतो, आणि पुण्या-मुंबईला गेलो की गावठी अंड्यांना दुप्पट पैसे मोजतो! गावठी म्हणजे त्या गावच्या हवापाण्याची. दुसरा अर्थ नाही.

कोणी म्हणेल, बलदीचं अंडं लहान असतं. असेना! जिवंत कोंबडीचं लहान अंडं मेलेल्या कोंबडीच्या मोठ्या अंड्यापेक्षा केव्हाही बरं. कोणी म्हणेल, रूप नाही. रूपच हवं तर भिंतीवर चित्र लावा. कोणी म्हणेल, कडकनाथ आणू. कडकनाथ अस्सल जात आहे, झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण नुसत्या नावामागे धावलं की काय होतं ते २०१९ साली इस्लामपूरच्या कडकनाथ घोटाळ्यात दिसलं. हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पक्षी चांगला होता, खोट होती ती न बघता भुलण्यात.

दुसरी गोष्ट त्या रंगवलेल्या पिल्लांची. बाजारात गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं दिसतात, मुलं हरखतात आणि आपण खेळण्यासारखी दोन घेऊन येतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. आपण त्याला २२ अंशांच्या एसी हॉलमध्ये खोक्यात ठेवतो. गंमत बघा, मोठी कोंबडी बाहेर उकाड्याने मरते आणि पिल्लू घरात थंडीने! तिसऱ्या दिवशी ते खोकं कचऱ्यात जातं आणि मुलगा शिकतो की जीव म्हणजे वापरून टाकायची वस्तू. हा धडा कुठल्याही संस्कार वर्गात पुसला जात नाही.

मग पाळायचीच असेल तर काय करावं? प्रथम घरमालकाला आणि बलदियाला विचारा. कोंबड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणा, मेमध्ये नव्हे. तीन-चार पुरेत. कोंबडा नको. अंड्यांसाठी त्याची गरज नसते आणि शेजाऱ्यांची झोप वाचते. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. पत्र्याऐवजी खजुराच्या झावळ्यांचं छप्पर घाला. इथले जुने लोक उन्हाळ्यात अशाच झावळ्यांच्या 'बरस्ती' घरांत राहायचे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात चहाला उकळत ठेवल्यासारखं येतं, तेच कोंबडीपुढे ओतू नका. माठात गार करा, सावलीत ठेवा, दिवसातून तीन-चारदा बदला. दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर घाला, कारण पचनानेही अंग तापतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. राणीखेतची लस टोचून घ्या. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने काय हाहाकार केला ते आठवून हात धुवायची सवय लावा आणि रानपाखरं दाण्यावर उतरू देऊ नका.

आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न स्वतःला विचारा: जुलै-ऑगस्टात आपण गावी आंबोळ्या खात असताना दुपारी दोन वाजता त्या खुराड्यातलं पाणी कोण बदलणार? या देशात २००७ पासून उन्हाळ्यात भर दुपारी माणसांना उघड्यावर कामाला लावायला बंदी आहे. पिंजऱ्यातल्या जिवाला सावलीत पळता येत नाही, त्याची बंदी आपणच पाळायची. मायदेशी न जाणारं एखादं कुटुंब जबाबदारी घेत असेल तर उत्तम. सुट्टीआधी कोंबड्या बाग असलेल्या माणसाला कायमच्या देऊन टाकल्यात तरी चालेल. यातलं काहीच जमणार नसेल तर कृपा करून पाळू नका. न पाळण्यात कमीपणा नाही.

आमच्याकडे आता तीन बलदी आहेत. रंगाने मातकट, स्वभावाने भांडखोर. गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही नवरा-बायको आळीपाळीने सुट्टीवर गेलो, माहेरची आणि सासरची नाराजी पत्करली. मुलगी म्हणते, या दिसायला काही खास नाहीत. पण सकाळी उठल्या उठल्या आधी अंगणात जाऊन तीन मोजते ती तीच!