देवळाच्या मागची कोठारे

इजिप्तच्या देवळांचा विषय निघाला की सगळे खांबांबद्दल बोलतात. कर्नाकच्या महामंडपात १३४ खांब आहेत, त्यातले मधले १२ सुमारे २१ मीटर उंच. फोटोतसुद्धा छाती दडपते. पण मला विचाराल तर ही देवळे समजून घ्यायला मागच्या अंगाला जावे. तिथे धान्याची कोठारे होती.

सामान्य माणसाला गाभाऱ्यात प्रवेश नव्हताच. देवाला वस्त्रे नेसवणे, नैवेद्य दाखवणे हे पुजारी करत, तेही राजाच्या वतीने. सणाला देवाची होडी खांद्यावरून मिरवत निघे, पण मूर्ती पडद्याआडच. मग लोकांचा देवळाशी संबंध काय? तर पोटाचा! तिसऱ्या रॅमसिसच्या दानांची यादी असलेली सुमारे ४० मीटर लांबीची पपायरसची गुंडाळी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीत थेबेसच्या आमून देवाच्या नावे ८६ हजारांवर माणसे आणि चार लाखांवर गुरेढोरे नोंदली आहेत. देव कसला, मोठा जमीनदारच म्हणायचा.

याच राजाच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, इ. स. पूर्व ११५७च्या सुमारास, राजांची थडगी घडवणाऱ्या कारागिरांची मजुरी थकली. मजुरी म्हणजे गहू आणि जव. कारागिरांनी काम सोडले आणि जाऊन बसले ते देवळाच्या मागे. पुढे दुसऱ्या रॅमसिसच्या देवळाच्या आवारातही शिरले. भूक-तहानेने आम्हाला इथे आणले, कपडा नाही, तेल नाही, भाजी नाही, राजाला कळवा, असे त्यांचे म्हणणे लेखनिकाने टिपून ठेवले. तो कागद आज इटलीत तुरीनला आहे. अखेर मागच्या महिन्याचे धान्य त्यांच्या पदरात पडले. त्या देवळामागची मातीच्या विटांची, कमानदार छतांची कोठारे अजून उभी आहेत.

देवळांनी लोकांना लुटले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते अर्धेच खरे वाटते. नुसती लूटच असती तर उपाशी माणसे तिथे हक्काने जाऊन बसली नसती. देवाच्या नावाने साठवलेल्या धान्यात आपलाही वाटा आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. तो वाटा वेळेवर दिला नाही, हा दोष कारभाऱ्यांचा.

खांब मोजायला प्रवासी आहेतच. देऊळ मोठे की लहान, हे मी मात्र भुकेल्याला तिथून काय मिळाले त्यावरून ठरवीन. तुम्हाला काय वाटते?