पहिला नंबर, तरी त्याच वर्गात

वाचकहो, शाळेत एखादा मुलगा पहिला आला आणि गुरुजींनी त्याला सांगितले, "बाळ, तुला वरच्या वर्गात बसता येणार नाही, तिथे तुझा थोरला भाऊ बसतो," तर आपण काय म्हणू? स्पेनमधील एका फुटबॉल संघाच्या बाबतीत १९८४ साली हेच घडले. संघाचे नाव कास्तिया. रिअल माद्रिद या जगप्रसिद्ध क्लबचा हा दुसरा संघ. १९८३-८४ च्या हंगामात त्याने देशाच्या दुसऱ्या श्रेणीची साखळी स्पर्धा जिंकली. त्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर बिल्बाओ अ‍ॅथलेटिक, म्हणजे तोही अ‍ॅथलेटिक बिल्बाओ या मोठ्या क्लबचा दुसरा संघच! हे दोघे जागच्या जागी राहिले आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या क्रमांकाचे एर्कुलेस, रासिंग सांतांदेर आणि एल्चे हे तीन संघ पहिल्या श्रेणीत चढले.

अशा संघांना राखीव संघ म्हणतात. आपल्या वाचकांच्या मनात 'राखीव' म्हटले की दुसराच अर्थ येणार, म्हणून खुलासा केलेला बरा. आपल्याकडे राखीव जागा म्हणजे आत येण्याचे दार. फुटबॉलमधला राखीव संघ म्हणजे मागे राखून ठेवलेला. स्पेनचे लोक त्याला 'फिलिआल' म्हणतात आणि या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतला 'पुत्र' आहे. तेव्हा थोरला भाऊ नव्हे, बाप-लेकच म्हणायला हवे.

इंग्लंडमध्ये मोठ्या क्लबांचे राखीव संघ आपापसात वेगळ्या स्पर्धा खेळतात. स्पेनमध्ये तसे नाही. तिथे अठरा-वीस वर्षांची ही पोरे गावोगावच्या खऱ्याखुऱ्या क्लबांशी साखळीत झुंजतात. समोरच्या संघात संसार चालवणारी तिशीची माणसे असतात, त्यांची रोजीरोटी त्या गुणांवर अवलंबून असते. ते काही पोरांचे लाड करत नाहीत. माझ्या मते स्पॅनिश खेळाडू लवकर तयार होतात याचे एक कारण इथेच आहे.

कास्तियाचे मूळही कामगारांच्या खेळात आहे. माद्रिदमधील 'प्लुस उल्त्रा' या विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा एक संघ १९३० च्या सुमारास उभा राहिला. पुढे रिअल माद्रिदने त्याच्याशी करार करून त्याला आपला पूरक संघ बनवले. १९७२ साली तो संपून त्याच्या जागी कास्तिया हा क्लब आला. कागदोपत्री तो वेगळा क्लब होता. राजाच्या नावाने होणाऱ्या 'कोपा देल रेय' या राष्ट्रीय चषक स्पर्धेतही त्याला उतरता येत असे, आणि त्यातूनच १९८० सालची ती विलक्षण गोष्ट घडली.

त्या वर्षी या पोरांनी पहिल्या श्रेणीतले चार संघ एकामागून एक घरी पाठवले. एर्कुलेस गेला. अ‍ॅथलेटिक बिल्बाओला त्यांनी बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर २-१ असे हरवले, तिथे भल्याभल्यांचे पाय लटपटतात. रिअल सोसिएदाद तर त्या हंगामात साखळीत एकच सामना हरून दुसरा आलेला संघ, तोही गेला. उपांत्य फेरीत स्पोर्टिंग हिहोनने आपल्या गावी २-० अशी आघाडी घेतली होती. माद्रिदच्या परतीच्या सामन्यात पोरांनी चार गोल केले, एकच खाल्ला.

अंतिम सामन्यात समोर कोण? रिअल माद्रिद! ४ जून १९८० रोजी बेर्नाबेऊ मैदानावर बाप आणि लेक एकमेकांसमोर उभे राहिले. बापाने कसलीही दयामाया दाखवली नाही. निकाल ६-१. सहापैकी एक गोल विसेन्ते देल बॉस्के याचा होता. याच देल बॉस्केने पुढे कास्तियाच्या पोरांना शिकवले आणि २०१० मध्ये प्रशिक्षक म्हणून स्पेनला विश्वचषक मिळवून दिला.

रिअल माद्रिद साखळीचाही विजेता असल्याने युरोपातील चषक विजेत्यांच्या स्पर्धेत स्पेनची जागा उपविजेत्या कास्तियाला मिळाली. पहिल्याच फेरीत लंडनचा वेस्ट हॅम. माद्रिदमध्ये कास्तियाने ३-१ ने बाजी मारली, पण तिथे वेस्ट हॅमच्या प्रेक्षकांनी दंगा केला. शिक्षा म्हणून लंडनचा सामना बंद दाराआड झाला, मैदानात नोंद अवघ्या २६२ माणसांची. खेळाडूंच्या हाका रिकाम्या सज्ज्यांवर आपटून परत येत होत्या. जादा वेळेत कास्तिया ५-१ ने हरला. युरोपची ती एवढीच वारी.

आता पुन्हा १९८३-८४ कडे येऊ. बुत्रागेन्यो, मिचेल, सांचिस, मार्टिन वास्केस आणि पार्देसा ही पाच पोरे तेव्हा कास्तियात होती. एका वृत्तपत्राने त्यांना 'गिधाडाची तुकडी' असे नाव दिले. बुत्रागेन्योच्या आडनावाशी गिधाडासाठीचा स्पॅनिश शब्द जुळतो, बाकी पोरगा तर गोरागोमटा, लाजाळू! मिचेलने याआधीच, एप्रिल १९८२ मध्ये, पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंनी संप केला तेव्हा रिअल माद्रिदकडून खेळून गोल केला होता. डिसेंबर १९८३ मध्ये मुर्सियात सांचिस आणि मार्टिन वास्केस मोठ्या संघातून उतरले आणि सांचिसच्या एकमेव गोलवर सामना जिंकला. फेब्रुवारीत कादिस येथे संघ ०-२ ने मागे असताना बुत्रागेन्योला आत पाठवले. त्याने दोन गोल केले, सामना ३-२ ने जिंकला.

म्हणजे हंगामाच्या मध्यावर कास्तियाची माणसे एकेक करून नेली जात होती, आणि तरीही तो संघ पहिला आला! वर्ष संपल्यावर प्रशिक्षक अमान्सिओ यांनाही रिअल माद्रिदने वर बोलावले. सगळे वर गेले, संघ तेवढा खाली राहिला.

नियम अगदीच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. एकाच मालकाचे दोन संघ एका साखळीत असले तर गरज पडेल तेव्हा एकाने दुसऱ्याला गुण सोडायचे, असा संशय येणारच. पण त्याचा तडाखा कधीकधी विचित्र बसतो. २०१२ साली विल्यारेआल क्लब पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. त्याच्या दुसऱ्या संघाने दुसऱ्या श्रेणीतील आपली जागा मैदानावर राखली होती, तरी बापाला जागा करून देण्यासाठी त्याला तिसऱ्या श्रेणीत जावे लागले. राखीव संघांना चषक स्पर्धेतूनही १९९० च्या सुमारास वगळण्यात आले. १९८० सारखा अंतिम सामना त्यानंतर शक्यच राहिला नाही.

पोरांचे पुढे काय होते? सगळेच बुत्रागेन्यो होत नाहीत. बुत्रागेन्यो, मिचेल, सांचिस आणि मार्टिन वास्केस यांनी १९८६ ते १९९० अशी सलग पाच साखळी विजेतेपदे मिळवली. पार्देसाला मात्र माद्रिदमध्ये नीट जागा मिळाली नाही. तो सारागोसाला गेला आणि १९९५ मध्ये तिथे युरोपीय चषक जिंकला. हुआन माता कास्तियात एक हंगाम खेळला, रिअल माद्रिदच्या मोठ्या संघातून एकदाही नाही, पण २०१० च्या विश्वविजेत्या स्पेनमध्ये तो होता. कार्वाहालला २०१२ मध्ये जर्मनीत विकले आणि वर्षभरात जास्त पैसे मोजून परत आणले.

कास्तियाला स्वतःचे मैदान २००६ साली माद्रिदजवळील वाल्देबेबास येथे मिळाले, सुमारे सहा हजार प्रेक्षकांचे, आल्फ्रेदो दि स्तेफानो यांच्या नावाचे. २०२० च्या महामारीत बेर्नाबेऊचे बांधकाम सुरू असल्याने मोठा संघच या लहान मैदानावर खेळायला आला. १६ जुलै २०२० रोजी विल्यारेआलला २-१ ने हरवून रिअल माद्रिदने साखळीचे विजेतेपद मिळवले ते इथेच, लेकाच्या अंगणात, रिकाम्या सज्ज्यांसमोर.