पाळण्याची दोरी कुणाच्या हाती?

‘वीस वर्षांच्या आत मूल नको, दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा.’ आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा हा सल्ला आपल्या ओळखीचा आहे. तो दिला जातो बाईला.

सल्ला चुकीचा नाही, हे आधी मान्य करू या. कुटुंबनियोजनाच्या सक्तीला आपण इतक्या विटलो, की अंतराची गोष्ट निघाली की ‘सरकारी भाषा’ म्हणून झटकून टाकतो. तसं करणं परवडणारं नाही. जिची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नाही, अशा मुलीला दिवस गेले की ती आणि गर्भ एकाच ताटातलं वाटून घेतात. मूल कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो. लागोपाठच्या बाळंतपणांत अंगातलं लोह भरून यायला वेळच मिळत नाही, आणि मांडीवरच्या मुलाचं दूध लवकर तुटतं. मूल जन्मल्यावर पुढचे दिवस राहण्याआधी किमान २४ महिने जावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या तज्ज्ञ-बैठकीने सुचवलं. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्याही तेच सांगतात: दोन वर्षांच्या आत पाठोपाठ आलेली मुलं तान्हेपणी दगावण्याचं प्रमाण तीन वर्षांनी आलेल्यांच्या दुपटीच्या आसपास असतं.

प्रश्न एवढाच, की हे ठरवतं कोण?

आनंदीबाई जोशींचं मूल त्या चौदा वर्षांच्या असताना जन्मलं आणि दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या डॉक्टर झाल्या, १८८६ साली. आणि २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं! बीडकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल जोडीला मिळते. आई-बाप सहा महिने फडावर, वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायची कुठे? लग्न उरकलं जातं. पोस्टर वाचून ते थांबणार कसं?

अंतराचंही तेच. पहिली मुलगी झाली की पाठीवर लवकर मुलगा हवा, म्हणून तिचंच दूध आधी तुटतं. मूल दगावलं तर दूध थांबतं, पाळी लवकर येते आणि घरच्यांचा तगादाही. याला उपाय काय दिला? राज्यातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांनी ऑपरेशन करून घेतलेलं आहे. पुरुषांनी केलेलं शंभरात एकही नाही. आणि ऑपरेशन पाळणा थांबवतं, लांबवत नाही.

आमच्या एका शिबिरात एकोणीस वर्षांची एक मुलगी आली होती. पोटात दुसरं, कडेवर सव्वा वर्षाची लेक. तिला आम्ही तासभर अंतराचं महत्त्व सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे त्यांना कोन सांगनार?” ‘ते’ बाहेर ट्रॅक्टरपाशी उभे होते. आमच्यातली एकही उठून तिकडे गेली नाही.