उन्हाळ्यातले चार आठवडे

पिंप्राळ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी जळगावात कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला आहे. घराण्यात कायदा शिकणारी ती पहिलीच. मुंबईच्या एका लॉ फर्मने तिला मे महिन्यात चार आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी बोलावले आहे. मुलगी आनंदात आहे, तिचे अब्बू मात्र गप्प आहेत. ते चटईच्या कारखान्यात कामाला आहेत. “महिनाभर मुंबईत राहायचे, खर्च आपणच करायचा, पगार नाही. मग तिथे मिळणार काय?” असे ते विचारतात. पत्राच्या शेवटी भगिनी लिहितात, “होय म्हणू की नाही, एवढेच सांगा.”

आपा, तुमच्या घरच्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. मुलीच्या उत्साहाला धक्का न लावता त्याचे उत्तर देता येईल.

आधी नियम पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे ही हौस नाही, अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मात्र ती लॉ फर्ममध्येच करावी असे कुठेही म्हटलेले नाही. उलट, शिक्षणाच्या काळात एकदा तरी खालच्या आणि वरच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडे बसलेच पाहिजे, असा नियम आहे. पत्रावरून दिसते की तुमच्या मुलीने पहिल्या वर्षी जळगावच्या एका ज्येष्ठ वकिलांकडे चार आठवडे काढले आहेत. सुरुवात योग्य ठिकाणी झाली.

आता फर्ममध्ये काय होते ते सांगतो. परदेशी मालिकांमध्ये दिसते तसे तिथे काही नसते. अमेरिकेत मोठ्या फर्म विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात भरपूर पगार देतात आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे तिथेच नोकरी मिळते. आपल्याकडे तसे नाही. काही फर्म विद्यावेतन देतात, पुष्कळ देत नाहीत. चार आठवड्यांत नोकरीचा शब्द मिळणे तर विरळाच. ती आशा मनात धरून पाठवू नका.

सकाळी दहाच्या सुमारास कार्यालय सुरू होते आणि संध्याकाळी निघण्याची वेळ कामावर ठरते. मुलीला एखाद्या तरुण वकिलाच्या, म्हणजे असोसिएटच्या, हाताखाली देतात. पहिली कामे साधी असतात. कागदांना क्रमांक घालणे, मसुद्यातल्या चुका शोधणे, प्रकरणातल्या घटना तारखेनुसार मांडणे. पुढे एखाद्या मुद्द्यावरचे निकाल शोधून दोन पानांचे टिपण लिहायला सांगतात. कधी पन्नास करार समोर ठेवून प्रत्येकाची मुदत, रक्कम आणि अटी तक्त्यात भरायला सांगतात. काम कंटाळवाणे वाटते, पण करार वाचायची नजर त्यातूनच तयार होते.

मे महिन्यात उच्च न्यायालयाला आणि जिल्हा न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते, फक्त तातडीची कामे चालतात. त्यामुळे या काळात कोर्टातले युक्तिवाद फारसे ऐकायला मिळणार नाहीत. फर्मचे करारमदार, जमिनींची तपासणी, कंपन्यांची कामे मात्र चालूच असतात. म्हणून मे महिना फर्मसाठी बरा. कोर्ट पाहायचे असेल तर सुट्टी नसताना वकिलांकडे बसावे.

तुमच्या मुलीजवळ एक गोष्ट आहे, जिची किंमत तिला बहुधा माहीत नाही. महाराष्ट्रातल्या जमिनीचा कोणताही व्यवहार असो, सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखते, हक्कसोडपत्रे मराठीत असतात. इंग्रजी शाळेत शिकलेली हुशार मुले मोडीसारखे वळणदार हस्ताक्षर आणि तलाठ्याची भाषा पाहून अडतात. खान्देशातल्या घरात वारसाची नोंद, बांधाचा वाद, सामायिक क्षेत्र हे शब्द जेवताना कानावर पडलेले असतात. तिने पहिल्याच आठवड्यात असोसिएटला सांगावे, “मराठी कागदपत्रे असतील तर मी वाचून सारांश लिहून देईन.” मग तिला मागाहून काम शोधावे लागणार नाही. इंग्रजी कच्चे असल्याची लाज बाळगू नये. मात्र रोज एक निकाल वाचून ते पक्के करत राहावे.

चुका होतील. मी विद्यार्थी असताना तीन दिवस खपून एक टिपण लिहिले होते. वरिष्ठांनी वाचले आणि एकच प्रश्न विचारला, “हा निकाल आजही कायम आहे का?” मी पाहिलेच नव्हते. वरच्या न्यायालयाने तो कधीच फिरवला होता. ते रागावले नाहीत, टिपण परत दिले. त्या दिवसापासून निकालाचे पुढे काय झाले हे पाहिल्याशिवाय मी कागदावर त्याचे नाव लिहीत नाही. आजच्या मुलांना दुसरा धोका आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलर दंड केला, कारण त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल अर्जात दिले होते. यंत्राची मदत घेतली तरी मूळ निकाल उघडून स्वतः वाचावा.

दुसरी मोठी गोष्ट गुप्ततेची. पक्षकाराचे नाव, कागदाचा फोटो, कार्यालयात ऐकलेली गोष्ट घरच्या व्हॉट्सॲप गटातही टाकायची नाही. अम्मीने कौतुकाने विचारले तरी नाही. आपा, यात तुमचीही मदत लागेल.

आता पालकांच्या काळजीचे बोलू. होकार देण्यापूर्वी मुलीने फर्मला नम्रपणे ई-मेल लिहून काही गोष्टी विचाराव्यात. कोणत्या विभागात काम असेल, कोणाच्या हाताखाली, वेळ काय, विद्यावेतन किंवा प्रवासखर्च मिळतो का, आणि शेवटी तारखांसह प्रमाणपत्र मिळेल का. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. वकिलीच्या धंद्यात लेखी विचारणाऱ्याला मान असतो. महाविद्यालयाची परवानगीही आधीच लेखी घ्यावी, नाहीतर आठवडे मोजताना अडचण येते.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगार नसलेल्या प्रशिक्षणार्थी मुलीलाही संरक्षण देतो. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. समितीत कोण आहे हे विचारून ठेवावे. कपडे साधे आणि औपचारिक असावेत. कोर्टात जायचे झाले तर पांढरे-काळे. बॅण्ड आणि गाऊन वकिलांचे, विद्यार्थ्यांनी घालायचे नाहीत. नमाजसाठी दुपारी पंधरा मिनिटे हवी असतील तर पहिल्या दिवशीच शांतपणे सांगावे. आधी सांगितलेली गोष्ट सहसा अडत नाही.

मुक्काम मुंब्र्याला तिच्या खालाकडे करायचा, असे तुम्ही लिहिले आहे. तिथून फोर्टला लोकलने एका बाजूला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागेल. रेल्वेचा पास, दुपारचे जेवण, जाण्या-येण्याचे भाडे असा हिशेब कागदावर मांडा. त्यासाठी कर्ज काढावे लागणार असेल तर मी “नको” म्हणेन. तेच चार आठवडे जळगावात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात काढता येतील का, हे महाविद्यालयात विचारा. तिथे मोफत कायदेशीर मदत मागणाऱ्या बायाबापड्या येतात, आणि माणसाचे म्हणणे कसे ऐकावे हे तिथे शिकता येते. जळगावचे न्यायालय लहान समजू नका. प्रतिभाताई पाटील यांनी याच न्यायालयात वकिली केली आणि २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या.

मुलीला पुढे न्यायाधीश व्हायचे आहे, असेही तुम्ही लिहिता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून धरतात. विद्यार्थीदशेतली इंटर्नशिप त्यात मोजली जात नाही.

मग अब्बूंच्या प्रश्नाचे उत्तर काय? बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबई उच्च न्यायालयातले पहिले भारतीय बॅरिस्टर ठरले. पुढे ते न्यायमूर्ती झाले. त्यांची बुद्धी मोठी होतीच, पण त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन आधीच सॉलिसिटर होते. पक्षकार कसा येतो, कागद कसा तयार होतो, कोणाला कसे भेटावे, हे सांगणारा माणूस त्यांच्या घरातच होता. तुमच्या मुलीच्या घरात असा भाऊ नाही. वकिलांच्या घरातली मुले जे लहानपणापासून पाहतात, ते तिला चार आठवडे बाजूला बसून पाहता येईल. शिवाय दोन-तीन वकील तिचे काम नावानिशी ओळखू लागतील. पगारापेक्षा हे थोडे की जास्त, ते घरात बसून ठरवा.

माझे मत विचाराल तर, हिशेब कर्जाशिवाय बसत असेल आणि फर्मचे लेखी उत्तर आले असेल, तर होय म्हणा. तिला एक वही द्या. पक्षकाराचे नाव न लिहिता, आज काय शिकले एवढेच रोज पाच ओळींत लिहायला सांगा. महाविद्यालयात इंटर्नशिपच्या रोजनिशीला गुण असतात, तिथेही ती वही कामी येईल. आणि शक्य असेल तर जळगावच्या स्टेशनवर तिला सोडायला अब्बूंनीच जावे.

पुढच्या अंकात सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा यांविषयी लिहीन, इन्शाअल्लाह. प्रश्न असतील तर जरूर कळवा.