शेतकऱ्याला कळत नाही म्हणे!

कपाशीवर बोंडअळी पडली की तिच्या मागोमाग गावात जनजागृती येते. अळी मुक्कामाला येते. जनजागृती सकाळी येते आणि जेवणाच्या वेळेआधी निघून जाते. 2017 च्या हंगामात आमच्या पिशोरच्या शिवारात दोन्ही पाहिल्या. बोंड वरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी आणि कवडी झालेला कापूस. आणि पारावर उभं राहून साहेब सांगत होते की शेतकऱ्यांनी शास्त्रज्ञांचं ऐकलं नाही, बिगर-बीटीच्या ओळी लावल्या नाहीत, म्हणून ही वेळ आली.

तेव्हापासून हेच पालुपद टीव्हीवर ऐकतोय, परिसंवादात ऐकतोय, वर्तमानपत्रात वाचतोय. विज्ञान बरोबर, सांगणारे बरोबर, बियाणं बरोबर. चुकलं ते फक्त ऐकणाऱ्याचं डोकं. मला हे साफ नामंजूर आहे.

2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हाच अट घातली होती: बीटीभोवती पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, जे जास्त भरेल तेवढी साधी कपाशी लावायची. म्हणून 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचं एक बारकं पाकीट येऊ लागलं. ते का लावायचं, हे सातवीतल्या पोराला समजेल इतकं सोपं आहे. बीटी कपाशीतलं विष अळीला मारतं, पण एखादी अळी त्या विषाला पुरून उरते. तिचा पतंग झाला आणि त्याला तसाच वाचलेला जोडीदार भेटला, की पुढची सगळी पिल्लावळ विष पचवणारी निघते. बांधाला साधी कपाशी असली तर तिथे विष न चाखलेल्या अळ्या भरपूर जगतात. वाचलेल्या एकट्यादुकट्याची गाठ त्यांच्या पतंगांशी पडते आणि अशा जोडीची पिल्लं बीटीवर बहुतेक मरतात. म्हणजे काठाला थोडं नुकसान सोसायचं आणि मधलं रान राखायचं. हिरव्या बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो, टोमॅटोही चालतो. गुलाबीचा संसार जवळजवळ सगळा कपाशीवर. तिच्या बाबतीत त्या पाच ओळी नसल्या तर दुसरा काही आधारच नाही.

झालं, एवढंच होतं. गाईला कोणता वळू दाखवायचा हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कळतं, त्याला पतंगाची जोडी कळली नसती? पण हे सांगायला कुणाला वेळ होता? मृगाच्या तोंडावर दुकानात झुंबड असायची. काउंटरवर चालायचं ते असं:

‘शेठ, हे बारकं कशाचं?’

‘ते होय? नॉन-बीटी. बांधाला टोबा, नायतर राहू द्या. कामाचं न्हाई.’

पंधरा वर्षांचं विज्ञान प्रसारण या दोन ओळींत आटोपलं. आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. रान चार एकर. त्यातलं वीस टक्के अळीला चरायला सोडायचं, कारण ठाऊक नाही, भरपाई नाही. त्यात त्या बारक्या पाकिटातलं बियाणं पुष्कळदा धड उगवायचंही नाही. ही रड आमचीच नव्हती, शास्त्रज्ञांनीही ती मांडली होती. अशा वेळी त्याने ते पाकीट उकिरड्यावर फेकलं, तर त्यात अडाणीपणा कुठे आला? तो हिशेब होता, आणि हातात होती तेवढ्या माहितीवर बरोबर हिशेब होता.

ज्यांना पुरती माहिती होती त्यांनी काय केलं? 2010 साली मोन्सॅन्टोने स्वतःच जाहीर केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देईनाशी झाली आहे. कारणांमध्ये बिगर-बीटी ओळी न लावणं हेही सांगितलं, आणि दोन जनुकांचं पुढचं बियाणं वापरा म्हणून सुचवलं. आमच्याकडे त्यातलं दुसरं वाक्य तेवढं पोचलं. नव्या बियाण्याच्या पाट्या गावोगाव लागल्या. पाच ओळींची पाटी मी कधी पाहिली नाही. पुढे गुजरातेत दुसरं बीटीही हरलं, 2017 ला आपली पाळी आली. भारतात बीटी जवळजवळ सगळं संकरित आहे. त्यामुळे एकाच बोंडातल्या काही सरकीत विष असतं, काहीत नसतं, आणि अळीला सरावायला आयती शाळा मिळते, हे शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं आहे. हे कुठल्या साहेबांनी पारावर सांगितलं? नाही सांगितलं, कारण मग खापर फोडायला शेतकऱ्याचं डोकं उरलं नसतं.

फरदडीचा दोष मात्र आमचा. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची सोडून पाणी देत बसलो आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत पोसलं. तिथेही ‘फरदड घेऊ नका’ हा हुकूमच आला, हे खरंच; पण अळी बोंडात बसलेली डोळ्यांनी दिसत होती.

अमेरिकेतही हीच गुलाबी अळी होती. ॲरिझोनात शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं साध्या कपाशीच्या ओळी राखल्या, नंतर विमानांतून वांझ पतंग सोडले, खर्चात कापूसवाल्यांनी स्वतःचा वाटा उचलला. 2018 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केलं की त्यांच्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपली. बीटीचं विष तेच, अळी तीच.

आमच्याकडे विज्ञान म्हणजे 28 फेब्रुवारी. शहरातून पाहुणे येतात, शाळेत व्हिनेगर आणि सोड्याचा ज्वालामुखी फसफसतो, मग भानामती आणि लिंबू-मिरचीवर भाषण होतं. भाषण चांगलंच असतं. पण ज्यांच्या घरात तेव्हा कवडी वेचणं चाललेलं असतं, त्या पोरांना बोंडातल्या अळीबद्दल एक अक्षर सांगायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

फवारणीच्या औषधाच्या डब्याचंही तेच. त्यावर एक रंगीत चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे जहाल विष, मग उतरत्या क्रमाने पिवळा आणि निळा, हिरवा सर्वांत सौम्य. सौम्य, बरं का, निर्धोक नव्हे. आणि निळा रंग बघून कुणाला भीती वाटेल? आत घडी घातलेला माहितीचा कागद, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, चार-पाच भाषा. कायद्याने सांगितलेलं सगळं त्यावर छापलेलं असतं. त्याच 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता: हातमोजे का घातले नव्हते? ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्यावरून गेलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन विचारणाऱ्याने एक तास हातमोजे घालून फिरावं.

बोंडअळीने नुकसान झाल्यावर मात्र सरकारने फार बारकाईने समजावलं. नमुना ‘जी’ भरा, सातबारा जोडा, बियाण्याची पावती जोडा, पाकीट जोडा. पाकीट जपून ठेवायचं असतं, हे तेव्हा कळलं. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहूला हेक्टरी 30,800 रुपयांची घोषणा झाली, त्यात विमा कंपनीचा आणि बियाणे कंपन्यांचा वाटा गृहीत धरून. मग वाट बघणं आलं. आमच्या भागात कित्येकांनी कपाशी कमी करून मका नि अद्रक धरली. मक्यावर लष्करी अळी आली आणि तिच्या मागोमाग जनजागृतीची गाडी.

आता बारकं पाकीट येत नाही. पाचेक टक्के साधी सरकी बीटीतच मिसळून देतात. म्हणजे सांगायची कटकटच मिटली. शेतकऱ्याला कळत नाही ना, मग न कळताच त्याच्या हातून लावून घ्या. डोकेबाज उपाय आहे, नाकारत नाही. फक्त त्या पाच टक्क्यांतली झाडं अळीसाठीच असतात, त्यांच्यावर अळी दिसणारच, हेही त्याला कुणी सांगितलेलं नाही. श्रावणात एखाद्या ओळीत चार झाडांना डोमकळ्या दिसल्या की तो दुकानात जाऊन बियाणं बोगस निघालं म्हणून भांडेल, दुकानदार त्याला एक फवारा जास्त देईल, आणि ज्या झाडांवर अळी जगावी म्हणून एवढा खटाटोप केला, ती झाडं तो आधी फवारेल.