शिकत्या हाताचे मोल

गेल्या उन्हाळ्यात एके सायंकाळी आमच्या आळीतील एक मुलगी माझ्याकडे आली. तिने नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. शासकीय रेखाकला परीक्षेतील इंटरमिजिएट तर ती आधीच उत्तीर्ण झाली होती. जालन्यातील बियाण्यांच्या एका दुकानदाराने आपल्या दुकानाच्या भिंतीवर कपाशीचे झाड व बैलजोडी रंगवून देण्यास तिला सांगितले होते. ‘‘सर, याचे पैसे मागावेत का?’’ असे तिने मला विचारले. शिकत्या हाताने पैसे मागू नयेत, आधी नाव मिळवावे, असे तिच्या आजीचे मत होते. दुकानदारही तेच म्हणाला होता, ‘‘भिंत भर रस्त्यावर आहे. तुझे नाव होईल.’’

मुलांनो, आजीविषयी मला आदर आहे. तरीही मी त्या मुलीला ‘माग’ असेच सांगितले. तुमच्यापैकी कोणी चित्रे काढतो, कोणी गातो, कोणाचे अक्षर मोत्यांसारखे असते. आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याही दारी येणार, म्हणून माझे म्हणणे तुमच्यापुढे मांडतो.

माझे हे मत पुस्तकातून आलेले नाही. ते माझ्या हातून घडलेल्या एका चुकीतून आले आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेचा मुख्याध्यापक होतो. आठवीतील एक विद्यार्थी फार सुरेख चित्रे काढी. स्वातंत्र्यदिन जवळ आला, तेव्हा मी त्याला राष्ट्रपुरुषांची सात चित्रे मोठ्या पुठ्ठ्यांवर काढावयास सांगितली. चार रात्री जागून त्याने ती पुरी केली. ध्वजवंदनानंतर मी त्याला सर्वांसमोर उभे केले, मुलांनी टाळ्या वाजविल्या, आणि माझ्या मते हिशेब संपला.

पुढे रेखाकला परीक्षेच्या दिवशी मी वर्गातून फिरत असता, तो मुलगा संकल्पचित्राच्या कागदावर नुसतीच पेन्सिलीची रेघ गिरवीत बसलेला दिसला. त्याच्या रंगांच्या बाटल्या तळाशी सुकल्या होत्या. लाल आणि निळा तर मुळीच उरला नव्हता. ते रंग माझ्या सात चित्रांत गेले होते! आईने खुरपणीच्या मजुरीतून ते त्याला घेऊन दिले होते, हे मला त्या दिवशी कळले. शेजारच्या मुलाने आपले रंग पुढे केले, म्हणून त्याची परीक्षा पार पडली. ‘‘मला आधी का सांगितले नाहीस?’’ असे मी विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘सर, तुम्हांला पैसे कसे मागणार?’’

ते शब्द मला अद्याप टोचतात. मी काही कंजूष नव्हतो. त्या दिवसाच्या खर्चात नारळाचे, मिठाईचे, ध्वनिक्षेपक आणणाऱ्याचे पैसे मी न विसरता मांडले होते. चित्रांचे तेवढे मांडले नाहीत. कारण तो मुलगा शिकत होता, आणि चित्रे काढणे त्याला आवडत होते. जे काम करणाऱ्याला आवडते, त्याला दाम नसतो, अशी आपली एक विचित्र समजूत आहे.

कला ही सरस्वतीची देणगी, तिचा बाजार मांडू नये, असेही काही लोक म्हणतात. परंतु मराठी भाषा शिकविण्याबद्दल मी तीस वर्षांहून अधिक काळ दरमहा पगार घेतला. विद्याही सरस्वतीचीच. मला कोणी नावे ठेविली नाहीत.

आणि ‘नाव होईल’ या आश्वासनाचे काय? तोच दुकानदार छापील फ्लेक्सचा फलक करून घेतो, तेव्हा चौरस फुटाच्या दराने पैसे मोजतो. ‘तुमचे नाव होईल’ असे छापणाऱ्यास सांगत नाही. शेतकऱ्याला बियाणे एखादे वेळी उधार मिळते, फुकट कधीच मिळत नाही, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार! पंढरपूर येथे १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन पुढे जगप्रसिद्ध चित्रकार झाले. उमेदीच्या काळात ते मुंबईत चित्रपटांचे मोठाले फलक रंगवीत. त्या कामाची मजुरी चौरस फुटाच्या हिशेबाने, काही आणे एवढीच असे. ती अल्प होती, पण मजुरी होती. आणि त्या वेळी त्यांचे नाव कोणासही ठाऊक नव्हते.

मग कलावंताने फुकट काही करूच नये काय? अवश्य करावे. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन काळचे भोगवर्धन. १९७३ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक सुंदर मूर्ती सापडली. इटलीतील पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या नगरात मिळालेल्या मूर्तीशी तिचे विलक्षण साम्य आहे. या भोगवर्धनच्या लोकांनी दूर सांचीच्या स्तूपासाठी दाने दिली, आणि त्यांच्या गावाचे नाव तेथील शिलालेखांत आजही वाचता येते. त्याच स्तूपाच्या दक्षिण तोरणावर, हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले, असाही लेख आहे. दोन हजार वर्षे झाली, तरी कोणी काय दिले आणि कोणी काय घडविले, याची नोंद पुसली गेलेली नाही. दान असे असते. ते देणाऱ्याच्या मनातून निघते. बहिणीच्या लग्नात रांगोळी काढावी, गावच्या देवळाची भिंत रंगवावी, मैत्रिणीला तिचे चित्र भेट द्यावे. तो आनंद पैशांत मोजू नये. परंतु मी त्या मुलाकडून सात चित्रे घेतली, ते दान नव्हते. मी ते गृहीत धरले होते.

नवशिक्याने मुरलेल्या रंगाऱ्याएवढे मागू नये, हे मला मान्य आहे. रंगांचा आणि कुंचल्यांचा खर्च आधी धरावा, त्यावर श्रमाचे थोडे मागावे, आणि हे बोलणे काम हाती घेण्यापूर्वीच करावे. एकदा पैसे घेतले, की आपणही बांधले जातो, हे मात्र विसरता येत नाही. कबूल केलेल्या दिवशी काम पुरे व्हावयास हवे. पहिल्या पावसात ओघळेल असा रंग वापरून चालत नाही. फुकटच्या चित्राला कोणी नावे ठेवीत नाही, म्हणून त्यातला वाकडा पाय वाकडाच राहतो.

त्या मुलीने रंगांचा खर्च आणि दोन दिवसांचे मिळून हजार रुपये सांगितले. दुकानदाराने कुरकुर केली, आठशेंवर आणले आणि निम्मे आगाऊ दिले. चित्र पुरे झाले, तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘डावीकडच्या बैलाचे वशिंड लहान झाले आहे.’’ ती रागावून माझ्याकडे आली. मी म्हटले, ‘‘त्याने पैसे मोजले आहेत, त्याला बोलू दे. तू एकदा खरा बैल पाहून ये.’’ दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या वाडीवर जाऊन बैल पाहून आली, आणि दुपारी शिडी घेऊन पुन्हा त्या भिंतीपाशी गेली.