सह्याद्रीच्या संध्याकाळी कोकण कुठे आहे?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढची वीसेक वर्षं त्याची संध्याकाळ म्हणजे मराठी घरातली सामाईक बैठक होती. 'आमची माती आमची माणसं' संपलं की मुलांचं 'किलबिल', मग बातम्या, आणि वार असेल त्याप्रमाणे 'गजरा', 'ज्ञानदीप' किंवा 'प्रतिभा आणि प्रतिमा'. गिरगावातला कारकून आंब्याच्या मोहरावर तुडतुडे पडल्यावर काय करायचं ते ऐकत बसे आणि शेतकऱ्याच्या पडवीत एखाद्या कवीची मुलाखत चाले. यातलं काहीही त्यांनी मागितलं नव्हतं. तरी ते बघितलं जाई, कारण पुढचा कार्यक्रम आपल्या आवडीचा असे आणि मधलं उठून जाण्याइतकं कंटाळवाणं नसे.

आज प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आहे आणि ज्याला जे आवडतं तेच त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा येतं. बागायतदाराला बागेचे व्हिडिओ, पोराला क्रिकेट, सासूबाईंना कीर्तन. घर एक, पण संध्याकाळी तिथे चार वेगवेगळी गावं वसलेली. अशा वेळी शेती, नाटक, विज्ञान, संगीत आणि बातम्या एका माळेत ओवून दाखवणारी वाहिनी जास्त हवी. हे काम सार्वजनिक प्रसारकाचंच आहे. जाहिरातीच्या दरावर चालणाऱ्या वाहिनीला ते परवडत नाही.

परवडत नाही म्हणजे काय, याचं उत्तर कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दापोली आणि मंडणगडच्या बागा झोपवल्या. कॅमेरे आले, उडालेले पत्रे आणि आडवे झालेले माड दाखवून गेले. पण नव्याने लावलेल्या सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर त्या घराने काय खाल्लं, रोपं कुठून आणली, ही गोष्ट वर्षानुवर्षं, सावकाश सांगायची असते. दापोलीचं कृषी विद्यापीठही १९७२ चंच, म्हणजे मुंबई दूरदर्शनच्या बरोबरीचं. तिथला शास्त्रज्ञ आणि मंडणगडची बागायतदार बाई दर हंगामात एकदा पडद्यावर समोरासमोर बसली असती, तर मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकालाही हापूसची पेटी महाग का झाली ते कळलं असतं.

वादळाच्याच वर्षी, २०२० मध्ये, मुंबई दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने आपली ताकद दाखवूनही दिली. कोरोनामुळे शाळा बंद, संगमेश्वर-लांज्याच्या आतल्या वाड्यांत मोबाइलला रेंज नाही, आणि २० जुलैपासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झालं. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ते तयार केलं, सह्याद्रीने घरोघर पोचवलं. डीडी फ्री डिशची तबकडी एकदा बसवली की दरमहा पैसे भरावे लागत नाहीत. ज्या घरात स्मार्टफोन एकच आणि तोही बापाबरोबर कामावर गेलेला, तिथे याचा अर्थ काय होता हे शिक्षकांना विचारावं.

जुन्या दूरदर्शनचं सगळंच चांगलं होतं असं नाही. बातम्यांवर सरकारची छाया होती. १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आल्यावरही पैशासाठी दिल्लीकडे बघणं सुटलं नाही. १९८० च्या दशकात देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले, तेव्हा लहान शहरांत दूरदर्शन पोचलं खरं, पण त्यावर मुख्यतः दिसे ते उपग्रहावरून येणारं दिल्लीचं राष्ट्रीय प्रसारण. सुरुवातीच्या काळात टेप महाग, म्हणून कितीतरी चित्रीकरणं पुसून त्याच टेपवर नवं चित्रीकरण झालं. हे नुकसान कायमचं आहे. पण त्याच काळात निर्माते आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप'ने प्रेक्षकांना नुसतं बसवून ठेवलं नाही. कार्यक्रम बघणाऱ्यांनी गावोगाव ज्ञानदीप मंडळं काढली आणि पडद्यावरचं काम गल्लीत आणलं. केंद्र मुंबईत असूनही कार्यक्रम गावाचा होऊ शकतो, याचा हा पुरावा आहे.

मग रत्नागिरीने काय मागावं? पहिली गोष्ट नमन-खेळ्यांची, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याची. नमन रात्रभर चालतं. गण होतो, गवळण रंगते, मग टोकदार टोपी आणि कमरेला घुंगरं बांधलेला संकासूर येऊन प्रेक्षकांची फिरकी घेतो, आणि वगाला उभं राहायला मध्यरात्र उलटते. मोबाइलवर यातली अर्ध्या मिनिटाची उडी फिरते. मृदंगवाला तासाभरात लय कशी चढवत नेतो, संकासुराचा टोमणा गावातल्या कुणावर होता, हे त्यात उरत नाही. जाखडीतल्या शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबाचं तर त्याहून वाईट: सवाल एका तुकड्यात, जवाब दुसऱ्या, आणि दोन्ही बघणारा कुणीच नाही. या कलांना सलग दोन तास देणारा पडदा फक्त सार्वजनिक वाहिनीचा असू शकतो.

त्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ जिल्ह्यांना द्यावी आणि आळीपाळीने एकेका जिल्ह्याकडे सोपवावी. रत्नागिरीच्या वाट्याला ती आली की तासभर बागायत आणि मासेमारी, मग शाळकरी मुलांचा कार्यक्रम, बातम्या आणि शेवटी सलग नमन किंवा जाखडी. गावातली माणसं, त्यांची बोली आणि कलावंत यांची ओळख रत्नागिरीच्या आकाशवाणी केंद्राला आहेच. आकाशवाणी आणि दूरदर्शन एकाच प्रसार भारतीची घरं. त्यांनी एकत्र काम करायला नवा कायदा लागत नाही. पूर्वीची 'साप्ताहिकी' पुढच्या आठवड्यात काय दिसणार ते सांगायची. तसं वेळापत्रक वर्तमानपत्रांनाही मिळावं, कारण कार्यक्रम कधी आहे हेच माहीत नसेल तर प्रेक्षक कुठून येणार?

जाखडीचे फेर गौरी-गणपतीत धरले जातात, नमनाचा हंगाम शिमग्यापासून पेटतो आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. कॅमेरा कधी कुठे न्यायचा, हे या तारखांवरून आजच ठरवता येईल.